जेवणाच्या सुट्टीत आठ फेऱ्या

माझ्याविरुद्धची तक्रार साहेबांनी वाचून दाखवली तेव्हा मी अजून धापा टाकत होते. जिन्याची सहावी फेरी संपवून नुकतीच वर आले होते आणि शिपाई दारातच उभा होता, साहेबांनी लगेच बोलावलंय म्हणून.

"सदर महिला अधिकारी दुपारच्या वेळी आम्हाला पाहताच जिन्यावरून पळून जातात," साहेब वाचत होते. "आम्ही वर गेलो की त्या खाली जातात व आम्ही खाली आलो की त्या वर जातात. असे एकाच दिवशी पाच वेळा घडले. तरी चौकशी होऊन न्याय मिळावा."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "मॅडम, हे खरं आहे?"

"पाच नाही साहेब, सहा वेळा," मी म्हटलं.

खैरनार साहेब हसले नाहीत. ते माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, आमच्या तालुका ऑफिसचे प्रमुख, आणि तक्रार या शब्दाला फार घाबरणारे.

तालुक्याचं नाव लिहीत नाही. जळगाव जिल्ह्यातला आहे आणि तिथलं मोजणी ऑफिस अजून तिथंच आहे, एवढं पुरे. मोजणी ऑफिस म्हणजे शेतजमिनीच्या हद्दी मोजून देणारं खातं. शेजाऱ्यानं बांध कोरला असं वाटलं की शेतकरी आमच्याकडे अर्ज करतो. आमचा भूकरमापक मशिन घेऊन जातो, मोजतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नकाशा देतो. ती मोजणी पटली नाही तर पुन्हा अर्ज करता येतो, दुसऱ्यांदा तपासून मोजण्याचा. ही तपासणी करणाऱ्याला निमतानदार म्हणतात. माझं पद ते. थोडक्यात, दुसऱ्याच्या चुका शोधायच्या.

या नोकरीत पहिली वीसेक वर्षं मी फक्त चालले. तेव्हा आत्तासारखी मशिन नव्हती. प्लेन टेबल, साखळी, झेंड्या आणि दोन मजूर, एवढ्यावर मोजणी चालायची. भडगावकडचा गिरणाकाठ, जामनेरचा कापूस, चोपड्याच्या वरचा सातपुड्याचा पायथा, सगळं पायाखालून गेलं. दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज व्हायचे. त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. त्याला फील्डवर्क म्हणत आणि त्यातून सुटका म्हणजे बढती.

ती बढती मला मिळाली. खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, आणि पाच वर्षांत शुगर मिळाली.

जळगावच्या डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. मी वेळापत्रक मांडलं. सकाळी सव्वाआठची एसटी, कारण मी जळगावहून रोज जाऊन-येऊन करते. त्याआधी स्वयंपाक, दोन डबे, सासूबाईंच्या गोळ्या. संध्याकाळी घरी पोचायला साडेसात, मग पुन्हा स्वयंपाक. मधल्या सगळ्या वेळात मी सरकारची. फक्त दीड ते दोन ही जेवणाची सुट्टी माझी स्वतःची. मी डॉक्टरांना म्हटलं, डबा दहा मिनिटांत संपवते, वीस मिनिटं चालते. ते म्हणाले, चालेल, पण रोज.

पहिला प्रयोग मी रेकॉर्ड रूममध्ये केला. तिथं चालण्याइतकी जागा नव्हती, म्हणून योगासनं. रेकॉर्ड रूम म्हणजे जुने नकाशे आणि मोजणीची जुनी टिपणं लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून ठेवलेली खोली. ती रफिक भाई सांभाळायचे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, गावातल्याच एका शिलाईवाल्या कुटुंबातले. कुठला कागद कुठल्या बस्त्यात आहे हे त्यांना कॉम्प्युटरपेक्षा लवकर सापडायचं. त्यांनी दोन रॅकच्या मधली जागा झाडून दिली, स्वतः स्टूल घेऊन बाहेर बसले.

चार दिवस बरे गेले. मला शिंका यायच्या, एवढंच. पाचव्या दिवशी रफिक भाई नमाजाला गेलेले असताना एक वकील नकलेची चौकशी करायला आत शिरले. मी शवासनात होते. डोळे मिटलेले, तळहात वर. ते तसेच मागे फिरले आणि त्यांनी व्हरांड्यात जाऊन सांगितलं की आत मॅडम पडल्यात. पुढच्या दोन मिनिटांत पाणी, कांदा, आणि तहसीलच्या ऑफिसमधले सहा लोक आले. मी उठून बसल्यावर त्यांची थोडी निराशा झाली असं मला वाटलं.

त्यानंतर मी जिना धरला. आमची इमारत तीन मजली. एकाच छपराखाली सगळी तालुका ऑफिसं आहेत. तळमजल्यापासून गच्चीच्या दारापर्यंत वर जायचं, खाली यायचं, ती एक फेरी. जिना सावलीत होता आणि कोणी त्यात आडवं पडलेलं नसे. माझी एकच चूक झाली. सरकारी ऑफिसच्या जिन्यात घाईनं चालणारा अधिकारी लोकांनी त्याआधी कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी आपल्या अनुभवाप्रमाणे अर्थ लावला.

तक्रार करणारे झिपरू आबा हे त्यांपैकीच. सत्तरीचे, गिरणाकाठच्या एका गावचे, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन वर्षांचे कागद. ते माझ्याकडे ज्या कामासाठी यायचे ते काम मी टाळत होते, हे मात्र खरं होतं.

साहेब म्हणाले, "मॅडम, व्यायाम जरूर करा. तब्येत महत्त्वाची. फक्त दिसू नका."

त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिलं की सदर वेळ जेवणाच्या सुट्टीची असून मी पळत नव्हते, चढत होते. रफिक भाईंनी खुलासा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, टेबलावर डोकं ठेवून झोपला असतात तर एक कागद लिहावा लागला नसता." त्यांचं खरं होतं. आमच्या मजल्यावर तसे चार जण रोज झोपायचे आणि लोक त्यांना उठवायचे नाहीत. दोन वाजेपर्यंत अदबीनं थांबायचे.

दुसऱ्या दिवशीपासून मी जिना सोडला आणि इमारतीभोवती चालू लागले. मागच्या बाजूला कडुनिंबाची रांग होती, पुढे दुचाकींचं पार्किंग, आणि हिवाळा असल्यानं ऊनही सोसण्यासारखं. एक फेरी एकशे नव्वद मीटर. हा अंदाज नाही, मी मोजली आहे. आठ फेऱ्या म्हणजे दीड किलोमीटर.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी कडुनिंबाखाली झिपरू आबा उभे होते. त्यांनी मला रीतसर अडवलं.

"मॅडम, तुम्ही आमले पाहिसन पळतस," ते म्हणाले. आम्हाला पाहून पळता, असं.

मी मूळची धुळ्याची. अहिराणी मला कळते, फक्त ऑफिसात बोलायची सवय गेली आहे. मी म्हटलं, "आबा, मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. थांबता येत नाही. तुम्ही सोबत चाला आणि बोला."

त्यांनी पिशवी काखेत मारली आणि ते चालू लागले.

ही त्या सगळ्या प्रकाराची सुरुवात. त्यात माझी कल्पकता काही नव्हती. मला फेऱ्या मोडायच्या नव्हत्या, इतकंच.

आठवडाभरात आणखी लोक आले. दीड वाजता साहेबांची आणि इतरांची दारं बंद होत आणि मी एकटी उघड्यावर सापडत असे. कोणी एक फेरी चालायचं, कोणी दोन. रफिक भाई कडुनिंबाखाली स्टूल टाकून बसू लागले आणि कोणाच्या मागे कोण ते ठरवू लागले. मला एक गोष्ट लवकर कळली. टेबलापलीकडे बसलेला माणूस पहिली दहा मिनिटं खात्यावर रागावलेला असतो. चालणारा माणूस श्वास राखून असतो. तो मुद्द्याचं बोलतो.

सातपुड्याच्या पायथ्याकडून एक बाई आल्या होत्या. डोक्यावर गाठोडं होतं. त्या माझ्या पुढे जायच्या आणि कोपऱ्यावर माझ्यासाठी थांबायच्या. नकाशावर त्यांच्या नवऱ्याचं नाव चुकीचं पडलं होतं. दुसऱ्या फेरीत मला सगळं कळलं, त्याच दुपारी दुरुस्तीचा अर्ज लिहून झाला. जाताना त्यांनी मला विचारलं की मी रोज एवढंच चालते का. मी हो म्हटलं. त्या डोक्यावरचं गाठोडं सारखं करून निघाल्या.

झिपरू आबांचं काम मात्र फेरीत संपणारं नव्हतं.

आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ भिका नाना यांची शेतं लागून होती. आबांचं पश्चिमेला, नानांचं पूर्वेला. वाटणी जुनी, भांडण दोन वर्षांचं. भांडण होतं केळीच्या एका ओळीचं. नानांनी ती ओळ आपल्या हद्दीला धरून लावली होती. आबांनी मोजणी मागितली. आमच्या भूकरमापकानं मोजलं आणि ती ओळ आबांच्या हद्दीत निघाली. नानांना पटलं नाही. त्यांनी तपासणीची मोजणी मागितली, ती माझ्याकडे आली. तीतही ओळ आबांचीच निघाली. नानांनी साहेबांकडे पुन्हा अर्ज केला. तोपर्यंत केळी निसवली होती, म्हणजे घड बाहेर पडले होते. आबा म्हणत होते, ओळ माझी, मी घड उतरवणार. नाना म्हणत होते, बांधावर पाय ठेवून बघ. दोघांची तरणी मुलं रोज समोरासमोर शेतात उभी राहात होती आणि एकदा कोयते निघाल्याची बातमी आमच्यापर्यंत आली होती.

साहेबांनी मला सांगितलं होतं की दोघांना बोलावून समजूत काढा आणि अहवाल द्या. मी तीनदा बोलावलं. पहिल्या वेळी दोघं एकमेकांच्या बायकांबद्दल बोलले. दुसऱ्या वेळी वडिलांबद्दल. तिसऱ्या वेळी नानांनी खुर्ची उचलली. ती त्यांनी कोणाला मारली नाही, पण परत ठेवलीही नाही, हातात धरूनच बोलत राहिले. त्यानंतर मी चौथी तारीख लावायची टाळत होते. आबांची तक्रार त्यातूनच आलेली.

आता त्यांना मी म्हटलं, "आबा, नानांनाही घेऊन या. दीड वाजता. इथंच."

ते आले. वेगवेगळ्या एसटीनं आले आणि कडुनिंबाच्या दोन वेगवेगळ्या झाडांखाली उभे राहिले. मी मधून चालू लागले. आबा उजव्या हाताला आले, नाना डाव्या हाताला, आणि मध्ये मी, हद्दीसारखी.

पहिली फेरी पावलं जुळवण्यात गेली. दुसऱ्या फेरीत दोघं एकदम बोलू लागले, पण पार्किंगच्या चढावर दोघांना दम लागला आणि आवाज आपोआप खाली आले. मी मुद्दाम थोडा वेग वाढवला. तिसऱ्या फेरीत नाना म्हणाले की आबांना सरकारी माणसं आपलीशी करता येतात, मोजणीच त्यांच्या बाजूनं झाली.

आबांना ते लागलं. सरकारची कदर आपल्याला आहेच, हे सांगायला त्यांनी एक गोष्ट काढली. गावात पाण्याची मोठी पाइपलाइन आली तेव्हाची. त्यांच्या शेताच्या टोकाला एक जुना दगड होता आणि जेसीबी नेमका त्यावरून जाणार होता.

"सरकारना दगड व्हता तो," आबा म्हणाले. "जेसीबीवाला फोडी टाकता. मी दोन माणसं लायात, उचलीसन बाजूले ठेवा. पाइप पडना, मंग परत जागावर बसाडी दिना."

मी चालता चालता विचारलं, "कुठला दगड आबा? शेंदूर लावलेला, तीन गावांची शीव जिथं मिळते तो?"

"तोच."

"आणि परत बसवला तो त्याच जागेवर?"

"तठेच," आबा म्हणाले. "एखादं-दोन पाऊल इकडे-तिकडे व्हयनं व्हई."

मला इथं थोडं समजावून सांगायला हवं. तीन गावांच्या शिवा जिथं एकत्र येतात तिथं पूर्वीच्या लोकांनी दगड रोवून ठेवले आहेत. त्याला तिवड्याचा दगड म्हणतात. आमची मोजणी कुठून तरी सुरू करावी लागते आणि ती अशा पक्क्या खुणेपासून करतात. मशिन कितीही चांगलं असलं तरी ते तुम्ही सांगाल त्या ठिकाणापासूनच मोजतं. दगड दोन पावलं पूर्वेला गेला असेल तर त्याच्यापासून काढलेली प्रत्येक हद्द दोन पावलं पूर्वेला जाते. दोन पावलं म्हणजे साधारण पाच फूट. केळीच्या दोन ओळींत अंतर असतं पाच फूट.

दोन्ही मोजण्या अचूक होत्या. फक्त चुकीच्या ठिकाणापासून.

नियम असा आहे की एका खुणेवर भरवसा ठेवायचा नाही. आणखी दोन-तीन जुन्या खुणा शोधायच्या, त्या टिपणाशी जुळवायच्या. आमच्या तरुण भूकरमापकानं कागदावर लिहिलं होतं की बाकीच्या खुणा मिळून आल्या नाहीत. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तपासणीची सही माझी होती. तपासणीच्या दिवशी मी त्या गावाला गेले होते. शेतापर्यंत गेले होते. पण दुपारचं ऊन होतं, गुडघा दुखत होता, आणि दगड शेताच्या पलीकडच्या टोकाला. मी रस्त्याच्या कडेला गाडीत बसून राहिले. त्यानं येऊन सांगितलं, मॅडम, सगळं जुळतंय. मी बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

चौथ्या फेरीत माझा वेग आपोआप कमी झाला. आबा आपल्या शहाणपणावर खूश होते. नाना दुसऱ्या कोणत्या तरी रागात होते. त्या आवारात या गोष्टीचा अर्थ कळलेलं माणूस एकच होतं, आणि त्यानं तोंड बंद ठेवलं तर नोकरीची उरलेली वर्षं सुखात जाणार होती.

पाचव्या फेरीत कडुनिंबाखाली मी थांबले. रोजच्या फेऱ्यांत मी तशी कधी थांबत नसे. रफिक भाईंनी स्टुलावरून उठून पाहिलं.

मी दोघांना सांगितलं. दगड हलला म्हणजे काय होतं, ते काडीनं मातीत रेघ ओढून दाखवलं. शेताच्या टोकाला मी गेले नव्हते, तेही सांगितलं. नक्की काय ते पुन्हा मोजल्यावर कळेल, असंही सांगितलं, पण रेघ मातीत स्पष्ट दिसत होती.

नाना हळूच म्हणाले, "दोन वरीस व्हयनात, मी तेच सांगी राह्यनू."

ते तसं काही सांगत नव्हते. दोन वर्षं ते बायकांबद्दल आणि वडिलांबद्दल बोलत होते. पण मी ते बोलून दाखवलं नाही.

आबा मातीतल्या रेघेजवळ वाकले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ती ओळ त्यानी शे?"

"बहुतेक हो, आबा."

त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि एसटी स्टँडच्या दिशेनं निघून गेले. नाना विरुद्ध फाटकानं गेले. माझ्या तीन फेऱ्या राहिल्या.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"मॅडम, तुम्ही स्वतःच्याच सहीविरुद्ध अहवाल देताय."

"सही माझी आहे म्हणून तर देता येतोय, साहेब."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला वाट काढून दिली. दोघा भावांची तडजोड झाली असं लिहायचं, आबांनी स्वखुशीनं ओळ सोडली असं दाखवायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या. मोजणीचं नावच काढायचं नाही. खातंही सुरक्षित, मीही.

मला ते पटायला आलं होतं, हे लपवत नाही. रविवारी बहिणीकडे धुळ्याला गेले, येताना एसटीत त्याच विचारात होते. अडचण दगडाची होती. तडजोडीनं भाऊ शांत झाले असते, पण दगड चुकीच्या जागीच राहिला असता. उद्या दुसरा कोणी शेतकरी मोजणी मागणार, आमचा दुसरा कोणी भूकरमापक मशिन घेऊन तिथंच उभा राहणार. तीन गावांतली भांडणं त्या दगडापाशी सुरू होणार आणि प्रत्येक वेळी आमचा नकाशा अचूक असणार.

सोमवारी मी रफिक भाईंना जुनं टिपण काढायला सांगितलं. टिपण म्हणजे पहिल्या मोजणीची हातानं लिहिलेली नोंद, त्यात कुठल्या खुणेपासून कुठली खूण किती अंतरावर ते असतं. त्यांनी अर्ध्या तासात बस्ता शोधला आणि झटकूनच दिला, मला शिंका येऊ नयेत म्हणून.

मग मी शेतात गेले. या वेळी गाडी रस्त्यावर ठेवली आणि पूर्ण गट पायी फिरले, टिपण हातात धरून. रोजच्या फेऱ्यांमुळे गुडघा बरा चालला. मिळून न आलेल्या दोन खुणांपैकी एक रस्ता रुंद करताना खरोखरच गेली होती. दुसरी रुईच्या झुडपात होती, जमिनीच्या वर वीतभर, टिपणात लिहिली होती तिथंच. तिच्यापर्यंत कोणी चालत गेलं नव्हतं, एवढंच. तिच्यापासून मोजलं. तिवड्याचा दगड आपल्या जागेपासून पाच फूट दोन इंच पूर्वेला बसवलेला निघाला. ओळ नानांची.

आता आबांचा जबाब हवा होता. जबाब म्हणजे लेखी निवेदन, दगड मी हलवला असं. ते त्यांनी दिलं नसतं तर माझ्याकडे नुसती बोलण्यातली गोष्ट होती, तीही चालता चालता ऐकलेली. त्यांची मुलं बांधावर उभी होती. थोरला मुलगा मला ऐकू येईल असं म्हणाला की बापाच्या सहीनं घरची ओळ घालवायची नाही.

आबा केळीच्या सावलीत बसले होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "लिखी ल्या. पण हाई बी लिखा, दगड मी सरकायेल नही, वाचाडेल शे."

मी तसंच लिहिलं. दगड सरकवला नाही, वाचवला. सरकारी कागदात असं वाक्य मी आधी कधी घातलं नव्हतं. आबांनी अक्षर लावून लावून पूर्ण जबाब वाचला आणि सही केली. मग उठून नानांच्या माणसांना सांगितलं की घड तयार झालेत, उगाच पिकवत ठेवू नका. नानांशी ते थेट बोलले नाहीत. पण दोन वर्षांत त्या ओळीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं, असं गावचा कोतवाल म्हणाला. मुलं घरी गेली. दगड आम्ही जागेवर बसवला आणि पंचनामा केला.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारण दाखवलं, की मी गाडीत बसले होते. वरिष्ठांना इतकं थोडक्यात कारण अपेक्षित नव्हतं. शेवटी लेखी समज मिळाली. समज म्हणजे पुन्हा असं करू नका असा कागद, जो नोकरीभर फायलीत राहतो.

खरी शिक्षा नंतर आली.

जिल्ह्याच्या बैठकीत खैरनार साहेबांनी सांगितलं की आमच्या ऑफिसात दुपारच्या सुट्टीत चालता चालता सुनावणी होते आणि दोन वर्षांचा वाद पाच फेऱ्यांत मिटला. त्यांनी ते मला वाचवायलाच सांगितलं होतं, यावर माझा विश्वास आहे. वरिष्ठांना कल्पना आवडली. तिला नाव देण्यात आलं, "चालता-बोलता सुनावणी". कडुनिंबाच्या दोन झाडांना फ्लेक्स बांधला. अर्जदारांची नावं लिहायला रजिस्टर आलं. उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून मांडव घातला, आणि पाहुणे बसणार कुठं म्हणून खुर्च्या. त्या माझ्या फेरीच्या वाटेवरच मांडल्या होत्या. पाहुण्यांनी व्यायामाचं महत्त्व सांगितलं, बसूनच. फोटोसाठी मी आणि साहेब चार पावलं चाललो, मग फोटोवाल्यानं थांबायला सांगितलं, कारण चालताना चेहरे हलत होते.

मांडव निघाला, खुर्च्या राहिल्या. लोकांना खुर्ची दिसली की ते बसतात, त्यांचा दोष नाही. रजिस्टरवर सही करायला टेबल लागलं. टेबलामागे कोणी तरी हवं म्हणून मी. दीड ते दोन आता माझी ड्युटी झाली. खुर्चीवर बसलेले अर्जदार पहिली दहा मिनिटं खात्यावर रागावू लागले. महिन्याभरात एकानं खुर्ची उचललीसुद्धा.

मी साहेबांना म्हटलं, मला जेवणाच्या सुट्टीत थोडं चालायचंय. ते म्हणाले, "मॅडम, सुनावणीच्या वेळेत तुम्ही फिरताना दिसलात तर तक्रार येईल."

त्यावर मी विचार केला आणि एक अर्ज दिला. यापुढे तपासणीची प्रत्येक मोजणी मी स्वतः जागेवर जाऊन, सर्व जुन्या खुणा पायी शोधून करीन, अशी परवानगी मागितली. समज मिळालेल्या माणसानं असं लिहिणं साहेबांना योग्य वाटलं. त्यांनी लगेच सही केली आणि दुपारच्या टेबलामागे दुसऱ्या कोणाला तरी बसवलं.

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस मी बांधावरून चालते. कधी सहा किलोमीटर होतात, कधी आठ. डबा कोणाच्या तरी विहिरीच्या काठावर खाते.

यातून मी एकच गोष्ट शिकले. ऑफिसात व्यायाम करायचा असेल तर त्याचा कोणाला उपयोग होणार नाही, याची काळजी घ्यावी. माझ्या दैनंदिनीत आता चालण्याच्या वेळेपुढे व्यायाम असा शब्द कुठेही नाही. स्थळपाहणी असं लिहिलेलं असतं. त्यामुळे अजून तरी कोणी तिच्यात सुधारणा सुचवलेली नाही.